अंगावर काढलेले दुखणे

मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. शालेय व्याकरणाच्या पुस्तकात त्याचा अर्थ 'उपचार न करता आजार सोसणे' असा दिलेला असतो आणि विद्यार्थी तो पाठ करून मोकळे होतात. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र या शब्दांमागे बहुधा एक छुपे कौतुक असते. घरातली आई दुखणे अंगावर काढते, कष्टकरी बाप काढतो आणि आपण त्यांच्या सोशिकपणाचे गोडवे गातो. ज्याला आजारी पडणे परवडत नाही त्याच्या नाइलाजाला भाषेने सद्गुणाचे नाव देऊन टाकले आहे, असा आमचा जुना संशय आहे. हा संशय आज एका अशा व्यवसायाच्या संदर्भात तपासून पाहायचा आहे, ज्यात दुखणे एकट्याच्या अंगावर राहत नाही. हा व्यवसाय म्हणजे सुपरमार्केटचा माल वाहणाऱ्या ट्रकचालकांचा. उदाहरण आम्ही ब्रिटनचे घेत आहोत. कारण त्या देशातले बहुसंख्य लोक आपले रोजचे दूध-पाव-भाजी सुपरमार्केटातून घेतात, आणि आजारपणातील वेतनाचा तिथला शंभर वर्षांहून जुना एक नियम नुकताच बदलला आहे.

साहित्याच्या वाचकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कायदा हीही एक संहिता आहे. तिच्यातही निवेदक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो आणि न बोललेले बरेच काही असते. कवितेतल्या एका शब्दावर तासभर बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी कायद्यातल्या एका शब्दाकडे क्षणभर थांबून पाहायला हरकत नसावी.

तो शब्द म्हणजे 'प्रतीक्षा-दिवस'. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने आजारी कामगाराला आठवड्याला दहा शिलिंग देऊ केले, पण ते आजाराच्या चौथ्या दिवसापासून. पुढे १९८३ पासून मालकाने द्यावयाच्या 'वैधानिक आजारपण वेतना'ची पद्धत आली. तिच्यातही पहिले तीन दिवस कोरडेच राहिले. या तीन दिवसांना कायद्याने प्रतीक्षेचे दिवस म्हटले. आता प्रतीक्षा कोणी कोणाची करायची? तापाने फणफणलेला मनुष्य कशाचीही वाट पाहत नसतो. वाट पाहत असते ती व्यवस्था: हा खरोखरच आजारी आहे की सोंग करतो आहे, हे ठरेपर्यंत तिचा हात खिशातून बाहेर येत नाही. गंमत अशी की, याच देशात आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरांचा दाखला लागत नाही; कामगाराचा शब्द पुरतो. म्हणजे कायदा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत होता, फक्त त्या शब्दाचे मोल तीन दिवस देत नव्हता.

आता या नियमाला ट्रकच्या चालककक्षात नेऊन बसवू. सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला माल साठवायला जागा थोडी असते. माल मोठ्या वितरणकेंद्रातून येतो, रात्री किंवा पहाटे भरला जातो आणि प्रत्येक दुकानात ठरलेल्या वेळेला उतरवला जातो. एक फेरी चुकली तर दुपारपर्यंत फळ्या रिकाम्या दिसू लागतात. या गाड्या चालवणाऱ्यांपैकी काही जण सुपरमार्केटच्या थेट नोकरीत असतात, काही माल वाहणाऱ्या कंत्राटदार कंपनीच्या, तर काही मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या यादीवर. फाटक एक, माल एक, रस्ता एक. परंतु तिघांना एकाच रात्री ताप आला तर तिघांचे आजारपण वेगवेगळे ठरू शकते. एखाद्याला करारानुसार पूर्ण पगार मिळेल, एखाद्याला फक्त कायद्याने ठरवलेली रक्कम. आणि जो कागदोपत्री 'स्वयंरोजगारी' आहे त्याला काहीच नाही. त्याच्यासाठी आपल्याकडचा 'खाडा' हा शब्दच चपखल आहे. काम नाही त्या दिवशी दाम नाही.

याच चालकाच्या थकव्याची मात्र कायदा कसून नोंद ठेवतो. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घेतलीच पाहिजे. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा फार तर १० तास, यापलीकडे चाक हाती धरता येत नाही. टॅकोग्राफ नावाचे यंत्र गाडीतला प्रत्येक मिनिट टिपून ठेवते. हे नियम चांगलेच आहेत. पण थकवा घड्याळाने मोजता येतो, आजार येत नाही. पोटातली कळ, छातीतले जडपण, सर्दीच्या गोळीने आलेली गुंगी, तीन रात्री झोप न लागल्याने विरत चाललेले भान यांची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही. त्यांचा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे चालक स्वतः. 'आज मी गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही' हे एक वाक्य त्याने उच्चारले तरच बाकीच्यांना कळते. हे वाक्य उच्चारण्यासाठी त्याला तीन दिवसांची कमाई मोजावी लागत असेल तर तो ते कितीदा उच्चारील? आजारपणाचे वेतन म्हणजे दयेपोटी दिलेली भीक, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते, खरे बोलण्याची किंमत कोणी भरायची, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

हे खरे बोलणे किती मोलाचे असते याचे एक दारुण उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. २२ डिसेंबर २०१४ रोजी, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, ग्लासगो शहरात महापालिकेच्या कचरागाडीचा चालक चाकावरच बेशुद्ध झाला आणि सहा जण ठार झाले. गाडी सुपरमार्केटची नव्हती, आणि प्रश्न आजारपणाच्या पगाराचाही नव्हता, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुढच्या वर्षी झालेल्या न्यायालयीन चौकशीत निष्पन्न झाले की, हा चालक पूर्वी, २०१० मध्ये, बस चालवण्याच्या नोकरीत असतानाही बेशुद्ध झाला होता आणि ती गोष्ट त्याने लपवली होती. दोष त्याचा होता, याबद्दल वाद नाही. परंतु अवजड वाहनाचा परवाना प्रकृतीवर अवलंबून असतो: तो मिळवताना वैद्यकीय तपासणी होते, वयाच्या पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दरवर्षी प्रकृतीचा अहवाल द्यावा लागतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात सगळी भिस्त माणसाच्या सच्चेपणावर असते. ज्या व्यवस्थेचा डोलारा सच्चेपणावर उभा आहे तिने सच्चेपणाला दंड ठेवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

साहित्य आणि चित्रपट यांना हा दंड फार पूर्वी दिसला होता. झॉर्झ आर्नोची 'भीतीचे वेतन' या अर्थाच्या शीर्षकाची फ्रेंच कादंबरी १९५० सालची. तिच्यावरचा क्लूझोचा चित्रपट १९५३ चा. नायट्रोग्लिसरिनने भरलेले ट्रक खडबडीत डोंगररस्त्यांनी न्यायचे, अशी त्याची कथा. चित्रपटातला तेलकंपनीचा अधिकारी हे काम संघटनेतल्या कामगारांना देत नाही. गावात अडकून पडलेल्या निष्कांचन परक्यांना देतो, कारण त्यांच्यामागे ना संघटना आहे ना भरपाई मागायला येणारे कुटुंब. एजन्सीच्या यादीवरचा चालक आम्हांला या परक्यांचाच दूरचा वारस वाटतो. केन लोच यांच्या २०१९ च्या 'सॉरी वी मिस्ड यू' या चित्रपटात तर स्फोटकेही नाहीत. न्यूकॅसलमधला एक साधा माणूस पार्सले पोचवतो. नावाला तो स्वतःचा मालक. चोरांच्या मारहाणीत जखमी होऊनही शेवटी तो घरच्यांची विनवणी झुगारून गाडी बाहेर काढतो, कारण एक दिवस घरी बसणे त्याच्या कर्जाच्या हिशेबात बसत नाही. शेवटच्या त्या प्रसंगाला कोणी शौर्य म्हणणार नाही. 'अंगावर काढणे' या आपल्या वाक्प्रचारावरचे कौतुकाचे पांघरूण तिथे पुरते ओढून काढलेले दिसते.

विरुद्ध बाजू मांडणे न्यायाचे होईल. पहिल्या दिवसापासून पगार दिला तर सोमवारचे आजार वाढतील, प्रामाणिक सहकाऱ्यावर कामाचा बोजा पडेल, लहान मालक बुडेल, असे म्हटले जाते. २००४ साली टेस्को या ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या सुपरमार्केटने काही दुकानांत पहिल्या तीन दिवसांचे वेतन न देण्याचा प्रयोग केला तेव्हा आकस्मिक गैरहजेरी रोखणे हेच कारण पुढे केले होते. सवलतीचा गैरफायदा घेणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्गातल्या हजेरीचा अनुभव असलेल्या शिक्षकांना ते सांगायलाही नको. परंतु गैरहजेरी मोजता येते म्हणून तिचीच चिंता करायची, आणि आजारी अवस्थेतली हजेरी मोजता येत नाही म्हणून ती फुकट धरायची, हा हिशेब अपुरा आहे. कार्यालयात तापात बसलेला कारकून फार तर जमाखर्चात चूक करील. ४४ टनांची गाडी घेऊन महामार्गावर निघालेल्या माणसाची चूक पुसून पुन्हा लिहिता येत नाही.

शिवाय प्रतीक्षेचे दिवस अपरिहार्य नव्हते, हे ब्रिटिश सरकारनेच दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या आजारपणासाठी ते उठवले गेले. संसर्ग झालेला माणूस पगारासाठी कामावर आला तर इतरांना धोका आहे, हे तेव्हा सहज पटले. मार्च २०२२ मध्ये मात्र ते पुन्हा लागू झाले. मधल्या काळात, २०२१ साली, चालकांचा तुटवडा पडून दुकानांच्या फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. सुमारे एक लाख चालक कमी आहेत, असे तिथल्या वाहतूकदारांच्या संघटनेचे म्हणणे होते. त्यावर जुलैमध्ये गाडी चालवण्याच्या तासांचे बंधन तात्पुरते सैल करण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये परदेशी चालकांसाठी ५,००० अल्पमुदतीचे व्हिसा जाहीर झाले. माणसे का टिकत नाहीत, हा प्रश्न असताना आहेत त्यांच्याकडून आणखी थोडे काढून घ्यावे, हे उत्तर आधी सुचावे, यात बरेच काही आले.

अखेर २०२५ च्या रोजगार हक्क कायद्याने ६ एप्रिल २०२६ पासून प्रतीक्षा-दिवस रद्द केले आणि किमान कमाईची अटही काढून टाकली. १९११ पासून चालत आलेला संशय कायद्याच्या भाषेतून पुसला गेला, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु शब्द बदलला तरी आकडा वाचायचा राहतोच. आठवड्याला फार तर १२३.२५ पौंड, किंवा सरासरी कमाईच्या ८० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, तीही जास्तीत जास्त २८ आठवडे. तिथले किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे. म्हणजे आठवडाभराच्या आजारपणाचे मोल किमान वेतनाच्या दहा तासांच्या कमाईइतकेही भरत नाही. आणि दहा तास तर चालकाला एका दिवसात गाडी चालवता येते. ज्याच्या करारात याहून अधिक काही लिहिलेले नाही, तो चौथ्या दिवसाऐवजी पहिल्या दिवसापासून हा हिशेब करू लागेल, इतकेच.

आपल्याकडे पाहून बोटे मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. प्रमाणाच्या दृष्टीने ही तरतूद ब्रिटनहून उदार आहे. मात्र पहिले दोन दिवस येथेही सामान्यतः कोरडेच, आणि योजना लागू होण्यासाठी सर्वसाधारणपणे आस्थापनेत दहा माणसे लागतात, महिन्याचे वेतन २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दोन-तीन ट्रकांच्या मालकाकडे खेपेच्या हिशेबाने काम करणारा, उचल घेतलेला चालक या चौकटीत शिरतच नाही. मॉलमधल्या चकचकीत फळीवर माल आला की त्याच्या मागची गाडी आपल्या नजरेतून जाते, त्या गाडीमागचा माणूस तर त्याहून आधी.

मराठी साहित्याने कामगार पाहिला नाही असे नाही. नारायण सुर्व्यांची कविता आहे, जयंत पवारांचे 'अधांतर' आहे. पण तो कामगार प्रामुख्याने गिरणीचा. गिरणीला भोंगा होता, फाटक होते, फाटकावर सभा घेता येत होती, चाळीत दुखण्याची खबर शेजाऱ्याला लागत होती. चालकाचे कामाचे ठिकाण सतत पुढे सरकत असते आणि त्यात तो एकटा असतो. त्याचे दुखणे ऐकायला भिंतीपलीकडे कोणी नसते. त्याच्याविषयी लिहिले गेले नाही याचे एक कारण हेही असावे. लिहायला हवे याचेही कारण तेच आहे.

असो. येत्या वर्षी वर्गात हा वाक्प्रचार शिकवायची वेळ आली, तर आमची शिक्षकमित्रांना एक विनंती आहे. अर्थ सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: दुखणे अंगावर काढले नसते, तर त्या माणसाला त्या दिवशी किती रुपये कमी मिळाले असते? उत्तर शोधताना ते बहुधा व्याकरणाच्या तासाबाहेर जातील. त्यांना जाऊ द्यावे.