आपण थोडेच मजूर?

परवा कॅन्टीनमध्ये व्हिसाचा विषय निघाला. अर्ज अडकल्यामुळे आमचा एक मित्र वैतागलेला. "यार, एवढं राबायचं, वर 'नोकऱ्या खातात' म्हणून आपल्याच नावानं शंख!"

म्हटलं, बाबा रे, ही ओरड फार जुनी आहे. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून अमेरिकेची रेल्वे पुढे नेली ती मुख्यतः चिनी मजुरांनी. १८६९ मध्ये रूळ जुळले. पुढे मंदी आली आणि कॅलिफोर्नियात बोंब सुरू झाली : हे लोक कमी पगारात जास्त राबतात! म्हणजे ज्या गुणासाठी कामावर घेतलं, तोच गुन्हा ठरला.

१८८२ मध्ये कॅलिफोर्नियाचे सिनेटर मिलर यांनी २० वर्षांच्या बंदीचं बिल आणलं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर होर यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची आठवण करून देत कडाडून विरोध केला. अध्यक्ष आर्थर यांनी बिल परत पाठवलं खरं, पण महिन्याभरात १० वर्षांच्या बंदीवर सही केलीच. ती १० वर्षं लांबत लांबत थेट १९४३ पर्यंत गेली. मधल्या काळात, १९१७ मध्ये, बंदीच्या पट्ट्यात भारतही आला.

"पण ते मजूर होते. आपण इंजिनिअर!" मित्र म्हणाला.

बरोबर. १८८२ च्या कायद्यातही व्यापारी आणि विद्यार्थ्यांना सूट होतीच. फक्त, आपण मजूर नाही हे कागद दाखवून सिद्ध करावं लागे.

मित्रानं चहा संपवला. मग हळूच म्हणाला, "माझ्या फाइलमध्ये सतरा कागद आहेत."