गाडीचे पथ्यपाणी

या सदरात एरवी मी शब्दांच्या उठाठेवी करतो आणि वाचकही त्या मुकाट्याने सोसतात. दिवाळी अंकात मात्र फराळासारखे काही निराळे द्यावे, असा संपादकांचा आग्रह पडला. तेव्हा यंदा शब्दापासून निघून गाडीपर्यंत जातो. शब्द आहे ‘वॉटर बॉडी’.

इंग्रजी वर्तमानपत्रांत हा शब्द तलावाला लावतात. त्यामुळे मिस्त्रीच्या तोंडून तो प्रथम ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कामतघरचा वऱ्हाळदेवीचा तलाव उभा राहिला. ‘‘सर, वॉटर बॉडी गेली,’’ असे चाचांनी सांगितले आणि मी क्षणभर तलावाच्या काळजीत पडलो. गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी म्हणजे मोटारीच्या इंजिनात पाणी फिरवणारा पंप. तलाव जागेवरच होता. गेली होती ती आमची पद्मिनी.

ही गाडी आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, १९७९ साली घेतली. १९७३ साली नाव नोंदवले तेव्हा ती ‘प्रेसिडेंट’ होती. सहा वर्षांनी दारात उभी राहिली ती ‘पद्मिनी’ होऊन. सासरी येताना नाव बदलून आली, असे नाना म्हणत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तिचा जन्म. इंजिन फियाटचे, १,०८९ सी. सी. मी तिच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा. नियमाप्रमाणे पन्नास वर्षे पुरी झालेल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ म्हणवून घेता येते. तो मान आम्हा दोघांच्याही वाट्याला अजून आलेला नाही.

नाना एका सायझिंगच्या कारखान्यात मॅनेजर होते. बॉयलरच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे पाण्याविषयी त्यांची मते पक्की होती. गाडीच्या रेडिएटरमध्ये ते बोअरचे पाणी कधी घालू देत नसत. बंबात पाणी उकळायचे, रात्रभर निवू द्यायचे, तळाचा गाळ टाकून वरचे पाणी फडक्यातून गाळायचे आणि डब्यात भरून ठेवायचे. आई म्हणे, ‘‘मुलाला नळाचं आणि गाडीला उकळलेलं!’’ आम्ही भावंडे याला गाडीचे पथ्यपाणी म्हणून हसत असू. २०१७ साली नाना गेले. त्यानंतर त्या डब्यात आमच्या सौभाग्यवतींनी तांदूळ भरले, आणि गाडीत पाणी घालताना मी अंगणातल्या बोअरची नळी सरळ रेडिएटरच्या तोंडात खुपसू लागलो.

२०२४ च्या श्रावणात ठाण्याहून परतताना कशेळीच्या पुलाजवळ नेहमीची कोंडी लागली. गाडी चालती असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटरला निववतो. थांबली की सारी भिस्त पंख्यावर आणि पंपावर. वीस मिनिटे झाली आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. मागच्या आसनावर आई होती. ती काही बोलली नाही, पण पदराने स्वतःला वारा घालता घालता तिने दोनदा पुढच्या बाजूला, गाडीलाही घातला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात हजर. या लोकांना वाफेचा वास येतो की काय, कोण जाणे! त्याने बरी किंमत सांगितली आणि खरे सांगायचे तर माझे मन डळमळले. आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘वीक हो, पण भाऊबीज झाल्यावर.’’

भाऊबीजेला ती दरवर्षी वाड्याला मामांकडे जाते. नाना होते तोवर याच गाडीतून, नंतरही हीच. मी म्हटले, ‘‘अगं आई, भाड्याची गाडी करू. चांगली थंडगार.’’ तेव्हा तिने खरे कारण सांगितले. ‘‘दादाला आता दिसत नाही रे. आवाजावरून ओळखतो तो आपली गाडी.’’

चाचांनी पंप उतरवला. या गाडीचा पंखा पंपाच्याच दांड्यावर बसतो, तेव्हा आधी पाणी काढा, होज पाइप सोडवा, रेडिएटर उचला, पट्टा सैल करा, मग पंख्याची पाती, मग पंप, असा सारा संसार आवरावा लागतो. दांडा झिजून डुगडुगत होता आणि सील फाटले होते. रेडिएटरची वरची टाकी डाग काढून उघडली तेव्हा आतल्या चपट्या नळ्यांची तोंडे पांढऱ्या थराने बुजलेली दिसली. चहाच्या जुन्या किटलीत बसतो तसा क्षार. चाचांनी नखाने एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली. ‘‘बोअरचं पाणी?’’ मी हो म्हटले. पुढे ते काही बोलले नाहीत. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलांपुढे मीही असाच गप्प उभा राहतो. ते किती लागते, ते त्या दिवशी कळले.

रेडिएटरचे काम सोपे निघाले. भिवंडी हे ट्रकांचे गाव; रेडिएटरवाल्यांना इथे तोटा नाही. एका कारागिराने एकेका नळीतून पोलादी पट्टी घालून क्षार बाहेर काढला, टाकीला पुन्हा डाग दिला, तोंडे बंद करून पाण्याच्या हौदात बुडवले आणि हवा भरून बुडबुडे कुठे येतात ते पाहिले. एका जागी आले; तिथे आणखी एक डाग. तांब्यापितळेचा रेडिएटर असा दुरुस्त होतो, हे त्याचे भाग्य. हल्लीच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला सहसा बदलूनच टाकतात.

अडले ते पंपाशी. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. एका दुकानात ‘अगदी नवा’ म्हणून पंप मिळाला. १,५०० रुपये मोजून आणला, बसवला आणि आठव्या दिवशी त्याखाली पाण्याचे थारोळे. परत नेला तर दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की जणू पंप मीच फोडून आणला आहे. मग कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड. तिथल्या एका म्हाताऱ्या शेठजींनी पहिला प्रश्न केला, ‘‘टॅक्सी की घरची?’’ घरची म्हटल्यावर खुर्ची पुढे केली.

त्यांच्या बोलण्यातून मला जे उमजले ते कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते. पद्मिनी बनणे २००० सालच्या सुमारास थांबले. तरीही पुढे वीसेक वर्षे तिचा प्रत्येक स्क्रू मिळत राहिला, कारण मुंबईच्या रस्त्यावर काळ्यापिवळ्या टॅक्सी धावत होत्या. टॅक्सीला पंप हवा तो आज, आत्ता. म्हणून कुणीतरी तो बनवत असे, कुणीतरी साठवत असे. त्या वाहत्या पाटाच्या काठाला आमच्यासारख्यांच्या चार घरच्या गाड्या तहान भागवून घेत. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरातली, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबराअखेर ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तेव्हा तिच्यावर हळवे मृत्युलेख लिहिले, मीही या सदरात दोन आसवे ढाळली. पण सुट्या भागांचा पाट आटला हे कुणाच्या ध्यानात आले नाही. ‘‘मागणीच नाही तर बनवणार कोण?’’ शेठजी म्हणाले. त्यांच्याकडे पंपाचे जुने, अस्सल ओतीव घर तेवढे होते. आतला दांडा, बेअरिंग, सील काही नाही. ते त्यांनी मला जवळजवळ फुकट दिले.

ते घर पिशवीत घालून मी लोकलने परतलो. चाचांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याच गल्लीच्या टोकाला बोट दाखवले. तिथे लेथवाला आहे. मागांचे झिजलेले भाग तो दिवसभर कातून देतो. मी पंचवीस वर्षे त्याच्या दुकानावरून कॉलेजला जातो, पण आत कधी डोकावलो नव्हतो. त्याने जुन्या दांड्याचे माप घेऊन नवा दांडा कातला. बेअरिंगवर नंबर असतो आणि तो नंबर जगभर एकाच मापाचा. बेअरिंगला ते फियाटमध्ये बसले की मागाच्या मोटारीत, याचा पत्ता नसतो. ते भिवंडीतच मिळाले. सील घेतले ते घरगुती पाण्याच्या पंपाचे, दांड्याच्या जाडीचे. त्याच्यासाठी घराची बैठक केसभर कातावी लागली. पॅकिंग चाचांनी घरीच केले: जाड कागद पंपाच्या तोंडावर धरून कडेकडेने हातोडीने टिचक्या मारत गेले आणि भोके, कडा यांसकट नेमका आकार सुटून आला. ती कारागिरी पाहताना माझा एक तास बुडाला, कॉलेजातलाही आणि घड्याळातलाही.

राहिला थर्मोस्टॅट. पाणी ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरणारी ही छोटी झडप. ‘‘काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे?’’ हा गॅरेजमधला सर्वमान्य सल्ला. पण मग इंजिन ऊब धरत नाही आणि लवकर झिजते. नानांच्या खणात एक नवा कोरा थर्मोस्टॅट कागदात गुंडाळलेला सापडला. तो चालतो की नाही ते पाहायचे तर स्वयंपाकघर गाठले पाहिजे. आईने दुधाचे पातेले द्यायला साफ नकार दिला, पण चकलीची कढई दिली. दोऱ्याला बांधून तो पाण्यात सोडला. आतले मेण तापून फुगते आणि झडपेला ढकलते. आई चष्मा लावून वाकली होती. ‘‘उमललं रे!’’ ती एकदम म्हणाली, कळीविषयी बोलावे तसे.

रेडिएटरचे झाकण मात्र नवेच घेतले. ते कुकरच्या शिट्टीसारखे. आत दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. गरम असताना ते उघडू नये, हेही कुकरप्रमाणेच. सौभाग्यवतींना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी तांदळाचा डबा निमूटपणे रिकामा करून दिला.

भाऊबीजेला सकाळी सातला निघालो. भिवंडी-वाडा रस्त्याविषयी मी लिहित नाही. दिवाळीत अभद्र बोलू नये. अंबाडीला थांबून बॉनेट उघडले. पंपाखालचे बोट कोरडे आले. कुडूसला पुन्हा थांबलो, पुन्हा कोरडे. मामांच्या वाडीच्या वळणावर मी गिअर बदलला तोच ओटीवरची आरामखुर्ची रिकामी झालेली दिसली. मामा काठी टेकीत अंगणात आले होते. आई उतरून वाकली, पण त्यांनी आधी चाचपडत बॉनेट गाठले आणि त्यावर तळवा ठेवला.

‘‘तापली नाही फार,’’ ते म्हणाले. मग वहिनींकडे, म्हणजे माझ्या मामींकडे, मान वळवून, ‘‘अगं, चुलीवर पाण्याचं भांडं ठेव. यांना जाताना लागेल.’’