बोटीवर बंदूक कशाला?

आमच्या वाशिमला समुद्र नाही, पण समुद्रावर मतं भरपूर! "मच्छीमारांना बंदुका द्या, २६/११ झालंच नसतं," हे ऐकून कान किटले.

मंडळी, जरा हिशोब करा. नोव्हेंबर २००८, 'कुबेर' ट्रॉलर. बोटीवर पाच माणसं, समोर दहा जण एके-४७ घेऊन. चौघांना आधी मारलं. तांडेलला बोट चालवायला मुंबईजवळ येईपर्यंत ठेवलं, मग त्यालाही संपवलं. एका बंदुकीने काय उखडलं असतं?

शिवाय बंदूक चुकते. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळजवळ 'एन्रिका लेक्सी' टँकरवरच्या इटालियन मरीन्सनी चाचे समजून गोळ्या झाडल्या. मेले दोन मच्छीमार! हे तर प्रशिक्षित सैनिक होते. मग दिवसेंदिवस बोटीवरच जेवणारा-झोपणारा, अर्धवट झोपेतला खलाशी अंधारात काय ओळखणार?

त्याला हवी हाक मारायची सोय. इस्रोचं संकट-संदेश यंत्र आहे. २०२४ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत 'संदेश मिळाला' हे उत्तरही बोटीवर येतं. अ‍ॅक्नॉलेजमेंट हो, आपल्या रोजच्या कामातलंच! बटण दाबायला काही सेकंद पुरतात. ते यंत्र प्रत्येक बोटीवर आहे का, चालतं का, हे विचारा. बंदुकीच्या गप्पा नंतर.