कोणालाही विचारा

वाचकहो, गेल्या महिन्यात या सदरात खंड पडला. संपादकांना मी "प्रवासात आहे" एवढंच कळवलं होतं. ते खोटं नव्हतं. पण लिहायला न बसण्याचं कारण वेगळं होतं, ते आज सांगते.

मी सध्या लेकीकडे आहे, स्टॉकहोमच्या दक्षिणेच्या एका उपनगरात. सप्टेंबर लागला आहे. बर्चची पानं पिवळी व्हायला लागलीत आणि सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही. इथे शनिवार-रविवार म्हणजे आपल्यासारखा कपडे-इस्त्री-पाहुण्यांचा कार्यक्रम नसतो. लेकीचं अख्खं घर रबरी बूट चढवून रानात जातं. आणि रानात जाऊन हरवतं. तेही पैसे भरून.

या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. हातात नकाशा आणि होकायंत्र, बोटाला अडकवलेली प्लास्टिकची एक छोटी काडी. नकाशावर जांभळ्या शाईत आधी एक त्रिकोण, तिथून सुरुवात. मग क्रमाने आकडे घातलेली वर्तुळं आणि शेवटी वर्तुळात वर्तुळ, म्हणजे शेवट. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध रानात खरोखरच एक केशरी-पांढरं तिकोनी निशाण टांगलेलं असतं. ते शोधायचं, शेजारच्या डबीच्या भोकात काडीचं टोक घालायचं, 'पीक' असा आवाज आला की पुढे. दोन निशाणांच्या मधला रस्ता कुठला, हे कोणी सांगत नाही. तो ज्याचा त्याने ठरवायचा. सगळा खेळ त्यातच आहे.

स्वीडिश लोकांना हे वेड जुनंच. हा शब्द त्यांच्या लष्करी अकादमीत १८८६ मध्ये आला. सगळ्यांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा १८९७ मध्ये शेजारच्या नॉर्वेत झाली, ओस्लोजवळ. पण हा खेळ घरोघरी नेला तो मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी. त्यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेला मोठी शर्यत भरवली, म्हणजे आम्ही असतो त्याच बाजूला. शिवाय इथे कोणाच्याही मालकीच्या रानातून कोणालाही चालता येतं. अंगण आणि उभं पीक सोडायचं, नासधूस करायची नाही, एवढीच अट. हा हक्क १९९४ पासून त्यांच्या राज्यघटनेतच आहे. आपल्याकडे सोसायटीच्या बागेत जायलासुद्धा वॉचमनची परवानगी लागते, हे आठवून मला हसू आलं.

आता मूळ गोष्ट.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी मी स्कूटी घेऊन खंडेराव मार्केटला भाजीला गेले होते. दांडिया बाजारातलं आमचं घर तिथून जेमतेम पाच-सात मिनिटांवर. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा हा रस्ता. भाजी घेतली, पिशवी अडकवली, स्कूटी चालू केली, आणि घर कोणत्या बाजूला ते आठवेना. चार रस्ता समोर होता. दुकानं ओळखीची होती, पाट्या वाचता येत होत्या. पण चारही रस्ते सारखेच वाटत होते. लारीवाल्याने विचारलं, "बेन, शुं जोइए?" लाज वाटून मी वीस रुपयांची कोथिंबीर घेतली. पिशवीत आधीच एक जुडी होती. दोनेक मिनिटांनी, पंखा सुरू व्हावा तसं, सगळं जागच्या जागी आलं. घरी गेले. यांना काही बोलले नाही. दोन जुड्या कशाला म्हणून यांनी विचारलं तेव्हा वड्या करायच्यात म्हटलं, आणि मग वड्या कराव्या लागल्या.

ज्यांनी मला शाळेत पाहिलंय त्यांना माहीत आहे की मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आणि ज्यांनी माझ्या आईला पाहिलंय त्यांना तिची शेवटची वर्षं आठवत असतील. सत्तरीनंतर एकदा ती देवळात गेली आणि शेजारच्यांनी तिला भलत्याच पोळातून आणून सोडलं. सुरुवात अशीच झाली होती. त्यामुळे मार्चपासून मी रात्री फोनवर नको ते वाचत बसायचे. आपल्या मेंदूत 'मी कुठे आहे' हे सांगणाऱ्या पेशी असतात. त्या शोधांसाठी २०१४ चं नोबेल दिलं गेलं, त्यातले दोघे नॉर्वेचे. काही स्मृतिविकारांत पहिला घाला या भागावर पडतो. हे सगळं मला पाठ झालं. फक्त डॉक्टरकडे जायचं सुचत नव्हतं. आणि लिहायला बसलं की वाटायचं, वाक्यात काही चुकलं तर वाचकांना कळेल.

इथे आले तरी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी नऊ वर्षांच्या नातीची शर्यत होती. लहान मुलांच्या मागे एक मोठं माणूस चालू शकतं. त्याला इथे 'सावली' म्हणतात. सावलीने मागे राहायचं, रस्ता दाखवायचा नाही, मूल फारच अडलं तर मदत करायची. लेक स्वतःच्या शर्यतीला गेलेली, जावई सगळ्यात धाकट्याला घेऊन फिती बांधलेल्या बाळगोपाळांच्या वाटेवर. सावली व्हायचं माझ्या वाट्याला आलं.

नकाशा हातात आल्यावर पहिला धडा मलाच मिळाला. कागदावर सगळीकडे पांढरं दिसत होतं. मी म्हटलं, "हे तर मोकळं मैदान आहे." नात म्हणाली, "आजी, पांढरं म्हणजे जंगल. पळता येईल असं जंगल. मोकळं असतं ते पिवळं. हिरवं म्हणजे दाट, तिथे जायचं नाही." एकतीस वर्षं मुलांना नकाशाची सूची आधी वाचा म्हणून ओरडणारी मी गप्प बसले.

तिसऱ्या निशाणाकडे जाताना वाट फुटली. नात डावीकडे वळली. माझ्या मते उजवीकडे जायला हवं होतं. मते कसलं, माझी खात्रीच होती. टेकडी उजवीकडे होती, मला ती दिसत होती. पण सावलीने बोलायचं नाही. मी ओठ मिटून मागे चालत राहिले. थोडं पुढे जाऊन ती थांबली, होकायंत्र नकाशावर ठेवलं, कागद गोल फिरवून उत्तरेला उत्तर जुळवली आणि तशीच पुढे गेली. शेवाळलेल्या एका मोठ्या शिळेमागे निशाण होतं.

तिने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण पोटात खड्डा पडला होता. मी नकाशा उलटा धरून चालत होते, आणि खात्री मात्र पूर्ण होती. बोलले असते तर पोरीला चुकीच्या रस्त्याला लावलं असतं.

त्या रात्री लेकीने सहज सांगितलं की कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०२३ मध्ये या खेळावर अभ्यास झाला आणि खेळणाऱ्यांची दिशा ओळखण्याची शक्ती व स्मरणशक्ती बरी दिसली. "उद्या तूही धाव ना आई, खुला गट असतो, वय बघत नाहीत." बरं दिसणं आणि खेळामुळे बरं होणं यांत फरक आहे, मुळात ज्यांचं डोकं शाबूत तीच माणसं रानात जात असतील, असं माझ्यातल्या शिक्षिकेला वाटलं. तरी हो म्हटलं. मला बघायचंच होतं.

रविवारी अडीच किलोमीटरचा सोपा मार्ग घेतला, आठ निशाणं. नकाशा १:७५०० चा, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर ७५ मीटर. सुरुवातीला एका आजोबांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: काहीच कळेनासं झालं तर पश्चिमेला चालत राहा, मोठा रस्ता लागेल. होकायंत्रावर पश्चिम कुठली, हेही त्यांनी माझ्याकडून बोट ठेवून घेतलं.

पहिली तीन निशाणं मिळाली. समोच्च रेषा मी फळ्यावर हजारदा काढल्या असतील, पण पाच मीटरची एक रेषा चढायला गुडघ्याला किती लागते हे त्या दिवशी कळलं. पाणथळ जागा नकाशावर निळ्या आडव्या रेघांनी दाखवतात. ती सुंदर दिसते. बुटात शिरते तेव्हा नाही.

चौथ्याकडे जाताना एक मुलगा माझ्या पुढून झपाट्याने गेला आणि मी नकळत त्याच्या मागे लागले. तो अर्थातच दुसऱ्याच मार्गावरचा, भलत्याच निशाणाकडे चाललेला. तो दिसेनासा झाला आणि मी उभी राहिले. चारी बाजूंना पाइनची सारखीच झाडं, सारखाच शेवाळलेला खडक. तेच. खंडेराव मार्केटचा तोच चार रस्ता.

बडोद्यात पत्ता सांगताना आपण शेवटी काय म्हणतो? "मांडवीला येऊन कोणालाही विचारा." इथे विचारायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी खेळात विचारायचं नसतं. तेवढ्यात झाडांतून एक पांढऱ्या वेणीची बाई आली, दोन काठ्या टेकत. छातीवर नंबर, म्हणजे स्पर्धेतलीच. माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठी असेल; इथे पस्तिशीनंतर दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो आणि ऐंशीच्या पुढच्या बायकांचेही गट आहेत. ती थांबली. मला वाटलं मला विचारेल. ती स्वतःच्या नकाशाकडे बघून मोठ्याने काहीतरी पुटपुटली, कपाळावर हात मारला, गर्रकन वळली आणि आली तशी परत गेली.

मी ते बघत राहिले. ती चुकली होती आणि परत चालली होती, एवढंच. कुठे, ते मला बरोबर कळलं, कारण आदल्या दिवशी नातीने मला ते शिकवलं होतं: जिथे नक्की माहीत होतं तिथपर्यंत मागे जायचं. पुढे जाऊन शोधायचं नाही.

मला नक्की माहीत होतं ते तिसरं निशाण. एका जुन्या दगडी बांधाच्या कोपऱ्यावर. तो बांध नकाशावर काळ्या रेघेने दाखवला होता. उत्तर जुळवली आणि बांध लागेपर्यंत चालले. बारा मिनिटं गेली. तिथून पुन्हा सुरुवात केली, या वेळी पावलं मोजत. चौथं निशाण मी घाबरून उभी होते तिथून तीसेक पावलांवर निघालं, शिळेच्या पलीकडच्या अंगाला.

एकूण एक तास एकोणीस मिनिटं लागली. खुल्या गटात क्रमांक लावत नाहीत, म्हणून तो आकडा इथे छापायला हरकत नाही.

शेवटाजवळच्या कुरणावर सगळे दालचिनीचे बन आणि कॉफी घेऊन गवतात बसलेले. आणि वाचकहो, सगळे काय बोलत होते? कोण कुठे चुकलं. स्वीडिशमध्ये निशाण हुकण्याला 'बोम' म्हणतात. प्रत्येकजण नकाशा पसरून आपला बोम दुसऱ्याला दाखवत होता. इथे वळलो, इथे सात मिनिटं घालवली, दलदल समजून तळ्याकडे गेलो. लाज कोणालाच नाही. जिंकलेलासुद्धा सांगत होता. ती पांढऱ्या वेणीची बाई दोन तरुण मुलींना बोटाने नकाशावर काहीतरी दाखवून खदखदून हसत होती.

लेकीने विचारलं, "आई, तुझा बोम कुठे झाला?"

मी चौथं निशाण दाखवलं. मग म्हटलं, "आणखी एक आहे. पण तो या नकाशावर नाही."

नकाशा पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने खंडेराव मार्केट काढलं. चार रस्ते, भाजीवाल्यांची ओळ, मी उभी होते ती जागा, कोथिंबिरीची लारी, आपलं घर. मार्चमध्ये झालं ते सगळं सांगितलं. तिच्या आजीचंही बोलले, जे आम्ही दोघी कधी बोलत नाही.

ती बराच वेळ कागदाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. मग विचारलं, "किती वेळ?"

"दोन मिनिटं. तीनही असतील."

"पुन्हा झालं?"

"नाही. पण काल नकाशा उलटा धरला होता."

"ते माझं अजून होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण हे बाबांना सांगायचं. आणि डॉक्टरला. मी वेळ घेते." तिथेच गवतात बसून तिने बडोद्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, रविवार होता, कोणी उचलला नाही. सोमवारी सकाळी पुन्हा लावला तेव्हा लागला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. तपासण्या काय काय होतील ते त्यांनी सांगितलंय. काय निघेल ते निघेल.

यांना त्याच रात्री फोनवर सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून त्या वड्या होय?"

नकाशा नातीने तिच्या फायलीत लावला आहे. मागची बाजू वर ठेवून, कारण तिच्या मते त्या बाजूला उत्तर दाखवायची राहून गेली आहे आणि मी परत जायच्या आधी ती बाणाने काढून द्यायची आहे. पुढच्या महिन्याचा लेख बडोद्याहून.