सरस नव्हे, सुई

हिंगोलीतल्या एका व्याख्यानात परवा एका विद्वानांनी प्राचीन ग्रीक आणि इराणी सैनिकांच्या लिननच्या चिलखताचा निकालच लावून टाकला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नुसत्या कापडाने बाण अडत नाही, म्हणून कापडाच्या थरांना सरस फासून त्यांचा कडक पत्रा केला जाई. अमेरिकेत तसं चिलखत करून त्यावर बाण सोडून पाहिले आहेत, तेव्हा विषय संपला. श्रोत्यांतून कुणीतरी शिवणीबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, "गोधडी पांघरून लढाया होत नसतात." सभागृह हसलं. मला त्या हसण्याचा राग आला, आणि विषय मुळीच संपलेला नाही.

आधी सरस. लिननच्या चिलखताला सरस लावत, असं एकाही प्राचीन ग्रीक किंवा लॅटिन ग्रंथकाराने लिहिलेलं नाही. इजिप्तचा राजा अमासिस याने स्पार्टासाठी पाठवलेल्या चिलखताचं वर्णन हिरोडोटसने केलं आहे. त्यात सोन्याची आणि कापसाची सजावट होती, विणीत प्राण्यांच्या आकृत्या होत्या. पण त्याला खरं नवल वाटलं ते धाग्याचं. इतका बारीक धागा, तरी एकेका धाग्यात 360 पेड! जे कापड शेवटी सरसाच्या लगद्यात बुडवायचं, त्याच्यासाठी एवढं सूत कोण कातत बसेल?

शिवाय सरस म्हणजे काय, हे कोणत्याही जुन्या सुताराला विचारावं. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून तो करतात, आणि ओल लागली की तो ढिला पडतो. सैनिक घामाने भिजतो, पावसात चालतो, नदी उतरून जातो. यावर वरून मेण लावत असतील, असा तोडगा सुचवला जातो. म्हणजे एका अनुल्लेखित पदार्थाला वाचवायला दुसरा अनुल्लेखित पदार्थ! याला पुरावा म्हणत नाहीत, टेकू म्हणतात.

अमेरिकेतल्या त्या प्रयोगाचं पुस्तक 2013 साली आलं. कापडाचे सेंटिमीटरभर जाडीचे थर बाण अडवतात हे त्यातून दिसलं, आणि त्याबद्दल त्या मंडळींचे आभारच मानायला हवेत. पण प्रयोगाने 'असं करता येतं' एवढंच सिद्ध होतं. 'असंच करत होते' हे सिद्ध करायला त्या काळाची साक्ष लागते. बाराव्या शतकाच्या अखेरच्या एका लढाईबद्दल निकेतास खोनियातेस हा बायझंटाईन इतिहासकार लिहितो की एका सरदाराच्या अंगावर अठरापदरी लिनन होतं, दारू आणि मिठात मुरवलेलं. त्यातही सरस नाही, आणि हा माणूस अलेक्झांडरनंतर दीड हजार वर्षांनी लिहितो आहे.

कुठेतरी गुप्त लेप असणारच, ही खोड आपल्याकडे जुनी आहे. हेमाडपंती देवळांवरून असाच वाद मी पूर्वी घातला आहे. दगडाला दगड खाचेत बसवून, वजनाने तोलून चुन्याशिवाय बांधकाम उभं राहतं, हे औंढा नागनाथला डोळ्यांनी पाहणारे लोकही उडीद, गूळ आणि बेलफळाच्या लेपाचा आग्रह सोडत नाहीत. कारागिराच्या हाताचं कौशल्य मान्य करण्यापेक्षा लेपावर विश्वास ठेवणं सोपं जातं.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र दखल घेण्याजोगा आहे. ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत खांद्याचे पट्टे सोडलेले असताना ताठ उभे दिसतात, म्हणजे कापड कडक होतं. होतंच. पण आपल्याकडच्या एखाद्या जाड वाकळेचा नवा कोपरा हातात घेऊन पाहा. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर, काठापासून आत आत येणारा धावदोरा, दोन ओळींत बोटभरही अंतर नाही. तो कोपरा दुमडला तर पुन्हा उसळून सरळ होतो. हा ताठपणा टाक्यांचा आहे.

बाकीचे आक्षेप किरकोळ. चिलखतं चामड्याची होती? चामड्याचीही होती; म्हणून लिननची खोटी ठरत नाहीत. कापड दुबळं? इ.स.पू. 331 मध्ये गौगामेलाच्या रणात अलेक्झांडरने इस्सस इथं लुटीत मिळालेलं दुहेरी लिननचं चिलखत घातलं होतं, असं प्लुटार्क सांगतो. जोरकस लोखंडी खुपशीपुढे असं चिलखत टिकत नाही हे पॉसेनिअसने लिहिलंय, आणि ते खरं मानायला हवं.

माझं मत एवढंच: दाट विणलेलं किंवा थरावर थर ठेवून शिवलेलं कापड, धडाभोवती गुंडाळून बाजूला बांधलेलं, खांद्याचे पट्टे पाठीवरून पुढे ओढून छातीवर अडकवलेले. जगभर कापडी चिलखताची हीच रीत दिसते. मध्ययुगीन युरोपात लिननचे थर शिवत, मेक्सिकोत स्पॅनिश सैनिकांनी तिथल्या लोकांची कापसाची चिलखतं अंगावर चढवली, आणि मराठा घोडदळातले अनेक स्वार कापूस भरून शिवलेले जाड अंगरखे घालत.

लिनन ज्या जवसाच्या देठातून निघतं, त्याच जातीचं जवस आपण रब्बीत पेरतो आणि चटणी करून खातो. कापूस तर शिवारभर आहे. संत नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि नामदेव शिंप्याच्या घरचे. अशा मुलखात सुईदोऱ्याला हसणाऱ्यांनी आधी वीस पदरी वाकळ शिवून घ्यावी, तीस पावलांवरून तिच्यावर बाण सोडावा आणि मग बोलावं. ती शिवणाऱ्या बायांना योग्य मजुरी द्यावी, आणि प्रयोगाच्या अहवालात त्यांची नावं कारागीर म्हणून छापावीत.