एकाच यीस्टशी इमान

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा जागेवर तयार होणारी ताजी बिअर इथल्या ग्राहकाला नवी होती. आज पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरीचे नवल कुणाला उरलेले नाही. मात्र बहुतेक ठिकाणची यादी एकाच साच्यातली असते: जर्मन पद्धतीची हेफेवायझन, बेल्जियन विट, एक आयपीए, एक स्टाउट, एक लागर आणि जोडीला फळांची एखादी बिअर किंवा सायडर. बव्हेरिया, बेल्जियम, इंग्लंड, आयर्लंड आणि बोहेमिया या मुलखांनी शतकानुशतके वेगवेगळे जोपासलेले हे प्रकार इथे पाचशे-हजार लिटरच्या एकाच संचातून, एकाच ब्रूमास्टरकडून काढून घेतले जातात. यादी लांब म्हणजे ब्रुअरी समर्थ, असा समज ग्राहकांत आहे आणि चालकांतही. हा समज बिअरचे नुकसान करतो. लहान ब्रुअरीने एक यीस्ट निवडावे, त्यातून निघतील तेवढ्याच बिअर कराव्यात आणि बाकीचे प्रकार इतरांसाठी सोडून द्यावेत.

यादी लांबली की पहिला ताण यीस्टवर येतो. माल्ट आणि हॉप्सची चर्चा जास्त होते, पण कित्येक बिअरची ओळख यीस्ट ठरवते. हेफेवायझनमधला पिकल्या केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा आणि लवंगेचा वास फोर-व्हिनाइल ग्वायाकॉलचा. दोन्ही त्या विशिष्ट यीस्टमुळेच येतात. आंबवण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी सरकले, सुरुवातीला यीस्ट कमी-जास्त पडले, मॅश करताना पंचेचाळीस अंशांच्या आसपासचा थांबा गाळला, एवढ्यानेही या दोन वासांचा तोल बदलतो. टाकी उंच की उथळ, यानेही फरक पडतो. म्हणजे पुस्तकातली कृती तंतोतंत पाळूनही आपल्या टाकीत, आपल्या पाण्यात ते यीस्ट कसे वागते, हे करून पाहूनच कळते. शिवाय एका बॅचमधून निघालेले निरोगी यीस्ट पुढच्या बॅचला घालता येते आणि नीट निगा राखली तर असे आठ-दहा वेळा चालते. त्यासाठी पुढची बॅच लवकर आणि त्याच यीस्टची लागावी लागते. पाच यीस्ट पाळणाऱ्या ब्रुअरीला हे साधत नाही. तिला पुन्हा पुन्हा नवे पाकीट उघडावे लागते किंवा यीस्ट थंडीत ठेवून वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात त्याचा जोम उतरतो. टाक्यांचेही असेच. साधी एल दोन आठवड्यांत ग्लासात येऊ शकते. लागर आठ ते तेरा अंशांवर आंबवून पुढे गोठणबिंदूच्या जवळ मुरवायची, तर महिना-दीड महिना टाकी अडते. ज्या ब्रुअरीकडे टाक्याच सहा आहेत, तिथे ‘एक लागर असावी’ या हट्टाची किंमत इतर बिअर मोजतात, नाहीतर लागर अर्धीकच्ची बाहेर येते.

याहून मोठे नुकसान शिकण्याचे होते. विलियम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकलेला तरुण १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत रुजू झाला. बार्ली आणि हॉप्सच्या मोजक्या चाचण्यांवरून कितपत खात्रीने बोलता येईल, हा प्रश्न त्याला तिथे पडला. त्याचे उत्तर त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलेले गिनेसला चालत नसे. आपल्याकडे संख्याशास्त्राचे विद्यार्थी जी टी-टेस्ट शिकतात ती हीच. तिचा हिशेब आपल्या ब्रुअरीला लावून पाहा. समजा, आठवड्याला दोन याप्रमाणे वर्षात शंभरेक बॅच होतात. फिरत्या यादीवर वर्षभरात तीसेक बिअर येऊन गेल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला तीन बॅच आल्या. चारच बिअर असतील तर पंचवीस. तीन बॅचवरून काढलेल्या सरासरीभोवतीची अनिश्चितता पंचवीस बॅचच्या मानाने सुमारे सहापट असते. या वेळी बिअर जरा कडक का लागली, हॉप्स बदलले म्हणून, पाणी बदलले म्हणून की निव्वळ योगायोगाने, हे तीन बॅचवाल्याला सांगताच येणार नाही, तो कितीही हुशार असला तरी. ज्या गिनेसमध्ये गॉसेट काम करत होता, तिनेही त्याच्या शंभर वर्षे आधी हीच वाट धरली होती. १७५९ मध्ये आर्थर गिनेसने एल काढायला सुरुवात केली, नंतर पोर्टरही, आणि १७९९ मध्ये एल कायमची बंद करून पोर्टर तेवढी ठेवली.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो वजनदार आहे. पुण्यात ब्रुअरीत येतो तो बहुधा सहा जणांचा गट. एकाला कडू चालत नाही, दुसऱ्याला काळी बिअर हवी, तिसरा पहिल्यांदाच आलेला असतो. चारच बिअर ठेवल्या तर हा गट पलीकडच्या दारी जाईल, असे चालक म्हणतात. पण एक यीस्ट म्हणजे एक चव नव्हे. गव्हाच्या बिअरच्या एकाच बव्हेरियन यीस्टवर फिकी हेफेवायझन होते, भाजक्या माल्टची गडद डुंकेलवायझन होते, जड आणि जास्त अल्कोहोलची वायझनबॉक होते. साध्या, फारसा वास न सोडणाऱ्या एखाद्या एल यीस्टवर ब्लाँडपासून पेल एल, आयपीए, पोर्टर, स्टाउटपर्यंत जाता येते. सहा जणांचे समाधान एवढ्यात होते, आणि ब्रूमास्टरला एकाच यीस्टचा स्वभाव ओळखायचा असतो. ब्रसेल्सची कांतियाँ ब्रुअरी १९०० पासून लँबिक या आंबट बिअरच्या वाटेवर आहे. जुनी-नवी लँबिक मिसळून गोझ, आंबट चेरी घालून क्रीक, असे तिचे प्रकार एकाच मुळातून फुटतात. आपल्या पुण्यात मूनशाइन मीडरीने मधापासूनची मीड हेच काम धरले आणि कॉफी, सफरचंद असे फरक त्याच्या आत केले. बिअरवाल्यांनी या शेजाऱ्याकडे नीट पाहावे.

दुसरा आक्षेप अमेरिकेचा दाखला देतो: तिथली क्राफ्ट बिअरची लाट नवनवीन बिअरच्या हौसेवरच वाढली, दर आठवड्याला नवा कॅन आणि त्यासाठी रांगा. रांगा खऱ्या होत्या, पण त्या कशासाठी होत्या हे पाहिले पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधली ट्री हाउस घ्या. नावे आणि हॉप्स बदलत राहिले, तरी तिचा लौकिक झाला तो गढूळ, फळांच्या वासाच्या आयपीएवर. व्हर्माँटमधल्या द अल्केमिस्टची गोष्ट आणखी बोलकी आहे. वॉटरबरी गावातल्या तिच्या पबमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या बिअर होत. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब गेला. त्याच सुमारास सुरू झालेल्या कॅनिंगच्या कारखान्यात मग काही वर्षे ‘हेडी टॉपर’ ही एकच बिअर निघत राहिली, आणि अमेरिकेत सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या बिअरमध्ये तिची गणना झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरचा दाखला मात्र माझ्या बाजूने जात नाही, म्हणून तोही सांगायला हवा. एका स्टीम बिअरवर ओळखली जाणारी ही जुनी ब्रुअरी २०२३ मध्ये बंद झाली. एकाच गोष्टीत मुरलेली ब्रुअरी बुडू शकते, हे त्यातून दिसतेच. पण २०२४ मध्ये अमेरिकेत उघडणाऱ्या ब्रुअरींपेक्षा बंद पडणाऱ्या जास्त झाल्या, तेव्हा लांब यादीनेही कुणाला अभय दिले नाही.

फॅशन बदलली तर काय, हा प्रश्न याला लागूनच येतो. १८७२ मध्ये म्युनिकच्या गेओर्ग श्नायडरने राजा लुडविग दुसरा याच्याकडून गव्हाची बिअर काढण्याचा हक्क मिळवला, तेव्हा ती बिअर मागे पडत चालली होती आणि लागरचे दिवस होते. शहाण्या व्यापाऱ्याने लागर काढली असती. श्नायडर घराणे गव्हालाच धरून राहिले. १९०७ मध्ये त्यांनी ‘अव्हेंटिनुस’ ही जड वायझनबॉक आणली, ती आजही मिळते. दुसऱ्या महायुद्धात म्युनिकची ब्रुअरी उद्ध्वस्त झाल्यावर काम केलहाइमला हलले, तरी गहू सुटला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बव्हेरिया पुन्हा गव्हाच्या बिअरकडे वळला, तेव्हा हे घराणे तिथे आधीपासून उभे होते. पुण्यातल्या बहुतेक याद्यांवर आज हेफेवायझन पहिल्या दोन-तीनांत असते, ती शैली अशा काही चिवट घराण्यांमुळेच आपल्यापर्यंत पोहोचली.

‘त्यांना परंपरा आहे, आपल्याला नाही’ हे उत्तर मला पटत नाही. कोलोनच्या ब्रुअरी-पबमध्ये दोनशे मिलिलिटरच्या ग्लासात कोल्श ही एकच बिअर फिरते. पण कोल्श म्हणजे काय, हे तिथल्या ब्रुअरींनी करार करून बांधून घेतले ते १९८६ मध्ये. परंपरेलाही कुणीतरी बसून आकार द्यावा लागतो. पिल्झनची जगप्रसिद्ध लागरसुद्धा १८४२ मध्ये एका नव्या ब्रुअरीने काढलेली नवी बिअर होती. तिथल्या मऊ पाण्याला ती मानवली आणि गावाने तिला धरून ठेवले.

महाराष्ट्रात कुणी हे करायचे ठरवले, तर माझ्या मते सुरुवात गव्हाच्या यीस्टवर करावी. ग्राहक या चवीला सरावलेला आहे, बिअर ताजीच प्यायची असते आणि टाकी दोन-तीन आठवड्यांत मोकळी होते. फिकी, गडद आणि जड अशा तीन बिअर बारमाही ठेवाव्यात. चौथा टॅप इथल्या धान्या-फळांना द्यावा: ज्वारी, नाचणी, कोकम, मोसमात हापूस. आंब्याच्या बिअर आजही निघतात, पण खालची बिअर दर वेळी वेगळी असल्याने आंब्याने नेमके काय केले, हे ना ब्रूमास्टरला सांगता येते ना ग्राहकाला. मूळ बिअर वर्षभर तीच राहिली, तर गव्हातला पाचवा हिस्सा काढून नाचणी घातल्यावर फेस किती टिकला, कोकमाचा आंबटपणा लवंगेच्या वासावर चढला की त्यात मिसळला, याच्या नोंदी ठेवता येतील. दुसऱ्या वर्षीचा ब्रूमास्टर पहिल्या वर्षीच्या नोंदींपासून पुढे काम सुरू करू शकेल.