हिमस्खलनाचा धडा आपल्याला कशाला?



परतवाड्याच्या वर्गात हिमस्खलन शिकवायचं म्हटलं की पोरं विचारतात, "सर, आपल्याकडे कुठं आहे बर्फ?" आपला डोंगर म्हणजे चिखलदरा. तिथं धुकं उतरतं, बर्फ नाही. मग व्याख्या पाठ करून घेतली की धडा संपतो. मला हे पटत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलनात जे जवान गेले, त्यांत आनंद गवई आणि संजय खंडारे हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्याचे होते. तो ऐन हिवाळा होता. आपली मुलं मात्र हिमालयात ट्रेकिंगला जातात ती एप्रिल-मेच्या सुट्टीत. आणि ऊन वाढलं की बर्फाचा धोका संपला, असं आपण धरून चालतो. हा समज चुकीचा आहे.

बर्फ थरांवर थर साचतो. सगळे थर सारखे घट्ट नसतात. वर्गात एका पाटावर कणीक दाबून पसरा, त्यावर साखर, वर पुन्हा कणीक. पाट हळूहळू तिरपा करा. वरचा थर साखरेवरून एकदम घसरतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, हे कोनमापकाने तिथंच दाखवता येतं.

वसंतात साखरेचं काम पाणी करतं. दिवसा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं, कणांची पकड सुटते. रात्री आकाश निरभ्र असेल तर तोच बर्फ पुन्हा गोठून घट्ट होतो. म्हणून जाणकार लोक पहाटे निघतात आणि ऊन चढायच्या आत उतार ओलांडतात. रात्र ढगाळ गेली, बर्फ गोठलाच नाही, तर सकाळही भरवशाची नसते.

म्हणून पालकांनो, फी आणि जेवणाची चौकशी करता, तसे आणखी तीन प्रश्न विचारा. बर्फाचा उतार किती वाजता ओलांडणार? हिमस्खलनाचा इशारा कोण बघणार? हवा बिघडली तर परत फिरणार का? गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली १०-१५ मिनिटंच मोलाची असतात. बाहेरून मदत येईस्तोवर ती निघून जातात. तेव्हा सोबत्यांकडे शोधायची, खणायची साधनं आहेत का, हेही विचाराच.

या प्रश्नांनी सहलीचा उत्साह कमी होत नाही. नीट उत्तर देता न येणाऱ्याच्या हाती मात्र आपलं लेकरू देऊ नये. आणि हे प्रश्न मुलांना स्वतःहून सुचावेत, एवढं काम तर आपल्या भूगोलाच्या तासानं करायलाच हवं.